थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा बिघाड कसा शोधायचा: ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या हातांसाठी

स्कॅनर लावला, पी ०१२२ कोड (थ्रॉटल सेन्सरचा सिग्नल फार खाली) आला, सेन्सर बदलला, बिल केलं, गाडी गेली. आठवड्याभरात तीच गाडी तीच तक्रार घेऊन पुन्हा दारात. वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंतच्या गॅरेजांमध्ये हा प्रकार वरचेवर पाहायला मिळतो. काढून टाकलेला सेन्सर पुष्कळदा धडधाकट असतो. कोड सर्किटबद्दल बोलत असतो, आणि सर्किट म्हणजे सेन्सर, त्याचं कपलर (वायरी जोडायचा प्लग), तीन वायरी आणि पलीकडचा ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. या चौघांपैकी बिघाड कुठे आहे ते मल्टीमीटरने पाहावं लागतं. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ते न केल्यामुळे ग्राहकाच्या खिशाला बसणारा फटका बराच मोठा असतो.

गॅरेजमध्ये नुकतंच कामाला लागलेल्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. स्वतःची गाडी दुसऱ्याच्या हाती देण्याआधी थोडं समजून घ्यावं असं वाटणाऱ्या गाडीमालकांनाही तो उपयोगी पडेल. साधा डिजिटल मल्टीमीटर, गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा, मोबाइलला जोडायचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर, दोन-तीन बारीक टाचण्या आणि टॉर्च एवढ्यावर काम भागतं. मल्टीमीटर घ्यायचाच असेल तर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर एक फेरी मारा. किमान आणि कमाल आकडा धरून ठेवणारं बटण असलेला मीटर मागा. ते बटण पुढे कामाला येणार आहे.

हा सेन्सर करतो काय

इंजिनात किती हवा जाऊ द्यायची हे थ्रॉटल बॉडीतली गोल पत्री ठरवते. पत्री किती उघडली आहे हे ईसीएमला कळवण्याचं काम थ्रॉटल पोझिशन सेन्सरचं, म्हणजे गॅरेजच्या भाषेत टीपीएसचं. जुन्या प्रकारात आत एक कार्बनचा ट्रॅक असतो आणि त्यावर एक काटा घासत फिरतो. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचं बटण आठवा. आत वस्तू तीच असते. ते बटण झिजलं की एका ठरावीक जागी खरखर यायची. तसंच ट्रॅक झिजला की पत्रीच्या एका ठरावीक कोनात सिग्नल तुटतो.

सेन्सरला तीन वायरी येतात. एकीवर ईसीएमकडून येणारे ५ व्होल्ट, एक अर्थची (अर्थिंगची, म्हणजे निगेटिव्हकडची), आणि तिसरी सिग्नलची. पत्री बंद असताना सिग्नल साधारण ०.५ ते ०.९ व्होल्ट असतो, पूर्ण उघडली की ४ ते ४.५ च्या आसपास पोचतो. नेमका आकडा गाडीगणिक बदलतो, त्यामुळे त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल पाहणं कधीही चांगलं. पण सिग्नल ०.५ च्या बराच खाली किंवा ४.५ च्या बराच वर गेला तर ईसीएम त्याला बिघाड समजतो. शून्य आणि पाच ही दोन्ही टोकं मुद्दाम मोकळी ठेवलेली असतात, म्हणजे वायर तुटली किंवा शॉर्ट झाली की ते लगेच ओळखता येतं.

नव्या गाड्यांत पेडलपासून थ्रॉटलपर्यंत केबलच नसते. पेडलला स्वतःचा सेन्सर असतो, तो ईसीएमला सांगतो, आणि ईसीएम मोटर फिरवून पत्री उघडतो. अशा थ्रॉटल बॉडीत सिग्नल एकाऐवजी दोन असतात, आणि ट्रॅकच्या जागी बरेचदा न घासणारा चुंबकीय सेन्सर असतो. तपासणी थोडी वेगळी आहे, तिच्याकडे नंतर वळू. बोनेट उघडल्यावर सर्वात आधी एवढं बघा: थ्रॉटल बॉडीकडे लोखंडी केबल येते आहे की फक्त मोठं कपलर आहे? पुढचं सगळं काम यावर ठरतं.

आपल्या भागात हा बिघाड का दिसतो

माजिवडा, कापूरबावडी, तीन हात नाका, ऐरोली पुलाचं तोंड. इथून रोज जाणारी गाडी तासन्‌तास अर्ध्या क्लचवर आणि अगदी थोड्या रेसवर चालते. पत्री बंद आणि किंचित उघडी यांच्यामध्येच हलत राहते, म्हणून काटा ट्रॅकच्या त्याच इवल्या तुकड्यावर घासत राहतो. ट्रॅकची झीज तिथूनच सुरू होते. पत्रीच्या कडेला कार्बनही अशाच चालवण्याने साचतो.

दुसरं कारण पावसाळा आणि खाडीची दमट हवा. वंदना टॉकीजचा परिसर किंवा विटाव्याचा रेल्वे पुलाखालचा रस्ता पाण्याने भरला की गाड्या तशाच काढल्या जातात. थ्रॉटल बॉडी वर असते, तिथवर पाणी सहसा पोचत नाही. पण खालच्या वायरिंगमध्ये आणि कपलरमध्ये ओल शिरते आणि महिन्याभराने पिना हिरव्या पडतात. इंजिनवर प्रेशरने पाणी मारून धुणाऱ्यांमुळे होणारं नुकसान तर पावसापेक्षाही जास्त. कृपा करून इंजिन असं धुऊ देऊ नका.

तिसरं कारण उंदीर. सोसायटीच्या पोडियम पार्किंगमध्ये चार-पाच दिवस उभी राहिलेली गाडी त्यांना आयतं घर वाटते. वायरीचं आवरण कुरतडलेलं आणि एअर फिल्टरच्या डब्यात कागदाचे कपटे दिसले तर आधी वायरिंग तपासा, बाकीचं मागून.

आणि चौथं कारण सीएनजी. आपल्याकडे बाहेरून किट बसवलेल्या गाड्या खूप आहेत. जुन्या किटांपैकी अनेकांना टीपीएसचा सिग्नल लागतो. तो मूळ वायर सोलून, दुसरी वायर पिळून, वर काळी टेप गुंडाळून घेतलेला असतो. इंजिनच्या उष्णतेने टेपचा गोंद वितळतो, मग ओल आत जाते. अशी गाडी समोर आली की मी सेन्सरच्या आधी तो जोड शोधतो.

पायरी १: तक्रार नीट ऐका

थ्रॉटल सेन्सर बिघडला की साधारण अशी लक्षणं दिसतात. रेस देताना एका ठरावीक जागी झटका बसतो किंवा गाडी क्षणभर दम सोडते. आयडल (पेडल सोडल्यावरचा इंजिनचा वेग) वर-खाली होतं, सिग्नलला थांबल्यावर गाडी बंद पडते. ऑटोमॅटिक गाडी चुकीच्या वेळी गिअर बदलते. सिग्नल खोटाच वर दिसत असेल तर एसीचा कॉम्प्रेसर मध्येच सुटतो, कारण पूर्ण रेस दिलेली असताना ताकद वाचवण्यासाठी ईसीएम एसी तोडतो. आणखी एक लक्षण नवख्यांना चकवतं: सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण गाडी सुरूच होत नाही. सेल्फ मारताना पूर्ण रेस दिसली तर इंजिन पेट्रोलने भरलं आहे असं समजून ईसीएम इंजेक्टर बंद ठेवतो. सेन्सर वरच अडकला असेल तर नेमकं हेच होतं.

पण ही लक्षणं दुसऱ्या बिघाडांतही दिसतात. म्हणून मालकाला विचारा: झटका गार इंजिनला बसतो की गरम झाल्यावर? पावसानंतर सुरू झालं का? नुकतीच बॅटरी बदलली, थ्रॉटल साफ केलं, किट बसवलं, असं काही झालंय का? सीएनजी गाडी असेल तर ती पेट्रोलवर चालवून पाहा. दोन्हींवर तीच तक्रार असेल तर थ्रॉटलकडे वळा. फक्त गॅसवर असेल तर आधी किट तपासा.

पायरी २: कोड वाचा, पण पुसू नका

भारतात एप्रिल २०१३ पासून नव्या मोटारींना ओबीडी-२ लागू झालं, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला १६ पिनांचं पोर्ट मिळतं. त्याआधीच्या पुष्कळ गाड्यांतही पोर्ट असतं, पण साधा स्कॅनर तिथे चालेलच असं नाही.

पी ०१२० ते पी ०१२४ हे पहिल्या थ्रॉटल सेन्सरच्या सर्किटचे कोड. पी ०१२२ म्हणजे सिग्नल फार खाली, पी ०१२३ म्हणजे फार वर, पी ०१२१ म्हणजे आकडा मर्यादेत आहे पण बाकीच्या परिस्थितीशी जुळत नाही, आणि पी ०१२४ म्हणजे अधूनमधून तुटतो आहे. पी ०२२० पासून पुढचे कोड दुसऱ्या सिग्नलचे. पी २१३५ आला तर थ्रॉटलचे दोन सिग्नल एकमेकांशी जुळत नाहीत, आणि पी २१३८ आला तर पेडलचे. या शेवटच्या दोघांमध्ये नवखी मुलं हमखास गोंधळतात आणि पेडलच्या बिघाडासाठी थ्रॉटल बॉडी बदलली जाते. आकडा दोनदा वाचा.

कोड लिहून घ्या, फोटो काढा. फ्रीझ फ्रेम मिळत असेल तर तीही पाहा: कोड पडला तेव्हा वेग किती, इंजिनचं तापमान किती, आरपीएम किती, हे त्यात असतं. कोड पुसला की ही माहितीही जाते, आणि अधूनमधून येणाऱ्या बिघाडात तीच सगळ्यात मोलाची.

पायरी ३: लाइव्ह डेटा

इंजिन बंद, इग्निशन ऑन. ॲपमध्ये थ्रॉटल पोझिशन लावा. फक्त ती एक किंवा फार तर दोन रीडिंग लावा. स्वस्त स्कॅनर एकावेळी दहा गोष्टी दाखवायला लागला की प्रत्येक आकडा उशिरा बदलतो आणि मधला तुटलेला क्षण दिसतच नाही.

पेडल सोडलेलं असताना १० ते २० टक्के दिसले तर घाबरू नका. ०.६ व्होल्ट हे ५ व्होल्टच्या १२ टक्के होतात, आणि अनेक गाड्या सरळ तोच हिशेब दाखवतात. पूर्ण दाबल्यावरही शंभर न दिसता ८०-९० च्या दरम्यान थांबणं नेहमीचं आहे. आता पेडल अगदी हळू दाबत न्या आणि तितकंच हळू सोडा. आकडा कुठेही न अडखळता चढला आणि उतरला पाहिजे, आणि सोडल्यावर दरवेळी त्याच जागी परत आला पाहिजे.

केबलच्या गाडीत पूर्ण दाबूनही आकडा ६० च्या पुढे जात नसेल तर आधी पायाखाली बघा. एकावर एक घातलेल्या जाड रबरी मॅट पेडलला खाली जाऊच देत नाहीत. केबल सैल असली तरी हेच होतं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या काही गाड्यांत इंजिन बंद असताना पत्री मुद्दामच पूर्ण उघडत नाही, तो बिघाड नव्हे.

पायरी ४: डोळ्यांनी तपासणी

इग्निशन बंद करा. एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढून थ्रॉटलची पत्री पाहा. कडेला काळा कार्बनचा थर असेल तर आयडलची तक्रार तिथूनच येत असण्याची दाट शक्यता आहे. थ्रॉटल क्लीनर फडक्यावर घेऊन पुसा, सेन्सरच्या बाजूला स्प्रे मारू नका. बऱ्याच गाड्यांत थ्रॉटल बॉडीतून कूलंटची नळी जाते, तेव्हा इंजिन गार असतानाच हात घाला.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर एक नियम कडक पाळा: इग्निशन ऑन असताना पत्रीत बोट घालायचं नाही. मोटर झटक्यात फिरते आणि बोट चिरडू शकतं. पत्री हाताने जोर लावून ढकलूही नका, आतले प्लास्टिकचे गिअर त्यासाठी बनलेले नसतात.

कपलर काढून पिना पाहा. हिरवट थर, वाकलेली पिन, आत गेलेली पिन, फाटलेलं रबरी सील. कपलरची खटकी तुटलेली असेल आणि कोणी ते तारेने बांधून ठेवलं असेल, तर बिघाड बहुधा तिथेच सापडेल.

पायरी ५: तीन व्होल्टेज

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, म्हणून सावकाश वाचा.

आधी बॅटरी पाहा. गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना १४ च्या आसपास हवी. बॅटरीच मेलेली असेल तर पुढच्या कुठल्याही आकड्यावर विसंबू नका.

आता कपलर सेन्सरला लावलेलंच राहू द्या. वायर जिथून कपलरमध्ये शिरते तिथून, मागच्या बाजूने, बारीक टाचणी अलगद आत सरकवा आणि मीटर तिला लावा. वायरीचं आवरण टोचू नका. आपल्या हवेत त्या भोकातून ओल जाते आणि पुढच्या पावसाळ्यात तांबं काळं पडून तिथेच वायर तुटते. कपलर लावलेलं ठेवण्याचं कारणही नीट समजून घ्या: अर्धवट तुटलेली वायरसुद्धा कपलर काढल्यावर मीटरवर सुरेख ५ व्होल्ट दाखवते, कारण तिच्यातून करंट जवळपास वाहतच नसतो. भार आला की तिचं खरं रूप दिसतं.

मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, इग्निशन ऑन करा.

पहिली वायर ४.८ ते ५.२ व्होल्ट दाखवेल, ती पुरवठ्याची. दुसरी जवळजवळ शून्य, ती अर्थची, तिथे ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर अर्थ कमजोर आहे. तिसरी पेडलबरोबर बदलते, ती सिग्नलची. वायरीच्या रंगावर भरवसा ठेवू नका, प्रत्येक कंपनीचे रंग निराळे.

पुरवठ्याला ५ व्होल्ट नसतील तर सेन्सर बहुधा निर्दोष आहे, त्याला जेवणच मिळत नाही. अनेक गाड्यांत हीच ५ व्होल्टची लाइन मॅप सेन्सरला (इंटेकमधल्या हवेचा दाब मोजणारा), एसीच्या प्रेशर सेन्सरला किंवा पेडललाही जाते. त्यातला कुठलाही एक आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचा पुरवठा बसतो. एकेकाचं कपलर काढत जा आणि मीटर पाहत राहा. ज्याचं काढल्यावर ५ व्होल्ट परत आले तो चोर.

अर्थ तुटली तर सिग्नल वर, पुरवठ्याच्या दिशेने चढतो आणि पी ०१२३ येतो. पुरवठा तुटला किंवा सिग्नलची वायर अर्थला लागली तर पी ०१२२. सिग्नलची वायर मधेच तुटली तर अनेक गाड्यांत आकडा शून्याकडे जातो, काहींत पाचकडे. हे ईसीएमच्या आतल्या रचनेवर असतं. इतकं पाठ झालं तर कोड वाचतानाच कुठली वायर आधी धरायची हे सुचेल.

पायरी ६: हळू उघडा, ठोका, हलवा

तिन्ही वायरी ठीक दिसल्या की सिग्नलवर मीटर ठेवून केबलच्या गाडीत हातानेच थ्रॉटल हळूहळू उघडा. ०.६, ०.७, ०.८... असा आकडा चढत गेला पाहिजे. मध्येच ०.२ वर पडला किंवा उडी मारून ३ वर गेला तर ट्रॅक तिथे खलास झाला. पहिल्या पाव भागात विशेष वेळ घ्या, झीज तिथेच सापडते. डिजिटल मीटर फार छोटा तुटलेला क्षण दाखवत नाही. म्हणून किमान-कमाल बटण दाबून थ्रॉटल फिरवा आणि मग सर्वात खालचा आकडा पाहा. काट्याचा जुना मीटर कोणाकडे असेल तर या कामाला तो फार चांगला, काट्याची थरथर लगेच नजरेत भरते.

काही सापडलं नाही तर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सेन्सरवर हलकेच टकटक करा. मग हेअर ड्रायरने सेन्सर गरम करून पुन्हा तीच तपासणी करा, विशेषतः तक्रार गरम इंजिनची असेल तेव्हा. त्यानंतर वायरिंग इंचाइंचाने हलवत ईसीएमच्या दिशेने जा.

इथे एक पद्धत सांगतो, जी मला फार आवडते. मीटर सेन्सरच्या सिग्नल पिनवर लावा आणि त्याच वेळी स्कॅनरवर थ्रॉटलचा आकडा पाहा. मीटर सांगतो सेन्सर काय पाठवतो आहे. स्कॅनर सांगतो ईसीएमला काय मिळतं आहे. समजा, घोडबंदर रोडवरून येणारी एक जुनी सीएनजी हॅचबॅक आहे. मानपाडा-पातलीपाड्याच्या दरम्यान पावसात दुसऱ्या गिअरमध्ये झटके देते, कोड पी ०१२२. सेन्सरपाशी पत्री बंद असताना ०.६२ व्होल्ट, उघडत नेली की ४.२ पर्यंत न अडखळता जातात. स्कॅनरवर १२ टक्के. आता किटच्या वायरीचा टेप लावलेला जोड हलवला, तर मीटर ०.६२ वरच स्थिर आणि स्कॅनर एकदम शून्यावर. सेन्सर आणि ईसीएम यांच्यामधली वायर त्या जोडावर तुटते आहे, हे इथेच सिद्ध झालं. नवा सेन्सर लावला असता तर पहिल्या कोरड्या दिवशी गाडी बरी वाटली असती आणि पुढच्या सरीला पुन्हा तेच. अशा जोडाचा खराब तुकडा कापून टाका, वायर सोल्डर करा, वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आकसणारी नळी) चढवा आणि वायरिंग एक्झॉस्टपासून लांब बांधा.

वायर आणि ईसीएम ठीक आहेत का याची आणखी एक पडताळणी फक्त केबलच्या, तीन वायरींच्या सेन्सरवर करता येते. कपलर काढा आणि वायरिंगच्या बाजूला ५ व्होल्टची आणि सिग्नलची पिन छोट्या वायरीने जोडा. स्कॅनरवर आकडा शंभराकडे गेला तर वायरिंग आणि ईसीएमचं इनपुट दोन्ही ठीक आहेत, दोष सेन्सरचा. पिना मीटरने ओळखल्याशिवाय हे करू नका, आणि बॅटरीचे १२ व्होल्ट चुकूनही सिग्नलला लावू नका, ईसीएम जाईल.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर

कपलरला साधारण सहा पिना असतात: दोन मोटरच्या, एक ५ व्होल्टची, एक अर्थची, दोन सिग्नलच्या. काही गाड्यांत एक सिग्नल चढतो तेव्हा दुसरा तेवढाच उतरतो, म्हणजे दोघांची बेरीज कायम ५ व्होल्टच्या आसपास राहते. काहींत दोन्ही चढतात, पण वेगवेगळ्या चढणीने. पेडलमध्ये बरेचदा दुसरा सिग्नल पहिल्याच्या निम्मा असतो. कोणतीही रचना असो, दोघांचं नातं पेडलच्या प्रत्येक जागेवर तेच राहिलं पाहिजे. कुठे बिनसलं की ईसीएम रेस मर्यादित करतो, गाडी लिंप मोडमध्ये जाते.

थ्रॉटल तपासण्याआधी पेडल तपासा. लाइव्ह डेटात पेडलचे दोन्ही आकडे नीट चढत-उतरत असतील आणि पत्री मात्र सांगितल्याप्रमाणे उघडत नसेल, तर थ्रॉटल बॉडी किंवा तिची वायरिंग. पेडलचा आकडाच तुटत असेल तर थ्रॉटलला हात लावायचं कारण नाही. ब्रेक लाइटचा स्विचही पाहून घ्या. ब्रेक दाबला आहे असा खोटा सिग्नल जात असेल तर काही गाड्या रेसच घेत नाहीत. डिझेल गाडीत रेस न घेण्याची तक्रार असेल तर सुरुवात पेडल सेन्सरपासूनच करा.

गाडी गायमुखच्या घाटात किंवा मुंब्रा बायपासच्या चढावर लिंप मोडमध्ये गेली तर आधी हजार्ड लाइट लावा आणि जिथे कडेला थांबता येईल तिथवर हळू न्या. बंद करून थोड्या वेळाने सुरू केली तर ती बरेचदा तात्पुरती पूर्ववत होते. त्या भरवशावर हायवेला जाऊ नका, ट्रेलरच्या पुढे रेस गेली तर वाचायला जागा नसते.

बदलायचा ठरला तर

केबलच्या थ्रॉटलवर सेन्सर सुटा मिळतो, दोन स्क्रूंवर बसलेला असतो. स्क्रूची भोकं लांबट असतील तर तो फिरवून लावायचा असतो: मीटर लावून, पत्री बंद असताना मॅन्युअलमधला आकडा आला की स्क्रू आवळा. बसवण्याआधी नवा भागही तपासा. घासणाऱ्या प्रकारचा असेल तर ओहममध्ये मीटर लावून हाताने फिरवा, आकडा सलग बदलला पाहिजे. बाजारात डुप्लिकेट माल इतका आहे की हा एक मिनिट वाया जात नाही. इलेक्ट्रॉनिक प्रकारात बहुतेक वेळा पूर्ण थ्रॉटल बॉडीच घ्यावी लागते. म्हणून तिथे तपासणीशिवाय निर्णय घेणं मला अजिबात पटत नाही. जुन्या बाजारातली बॉडी घेणार असाल तर पार्ट नंबर अक्षरन्‌अक्षर जुळवा.

भाग बदलल्यावर, किंवा नुसतं थ्रॉटल साफ केल्यावरही, ईसीएमला बंद पत्रीची नवी जागा शिकवावी लागते. काही गाड्यांत हे स्कॅनरवरून होतं, काहींत इग्निशन ठरावीक वेळ ऑन-ऑफ करून. पद्धत त्या मॉडेलच्या मॅन्युअलप्रमाणेच करा. ही पायरी राहिली की आयडल दीड हजारावर अडकतं आणि दोष नव्या भागाच्या माथी जातो.

शेवटची फेरी

आता कोड पुसा आणि गाडी रस्त्यावर काढा. सोबत दुसरा माणूस घ्या. मोबाइलवरचा आकडा चालवणाऱ्याने पाहायचा नाही. सकाळी लवकर पाम बीच रोडवर एका स्थिर वेगात काही किलोमीटर, नंतर गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटत, आणि शेवटी एखाद्या चढावर एसी लावून. ठाण्यातल्यांना चढासाठी गायमुख आहेच. ॲपमध्ये रेकॉर्डिंग चालू ठेवा म्हणजे झटका बसलाच तर त्या क्षणी थ्रॉटलचा आकडा काय होता ते मागे जाऊन पाहता येईल. झटका बसला आणि थ्रॉटलची रेघ मात्र सरळ होती, तर इग्निशन कॉइल, प्लग, मॅप सेन्सर आणि इंटेकची हवा गळती यांच्याकडे वळा.

गाडी मालकाच्या हाती देताना मोजलेले आकडे बिलामागे लिहून द्या: बंद पत्रीला किती व्होल्ट, पूर्ण उघडल्यावर किती, पुरवठा किती, अर्थ किती. आणि तीन-चार दिवस गाडी चालवून झाल्यावर एकदा बोलावून पेंडिंग कोड पाहा. चेक लाइट लागण्याच्या आधीच बिघाड तिथे दिसू लागतो.